तपासणीचा नमुना फ्रीजरमध्ये ठेवू नका

आमच्या मांस-तपासणी लॅबमधले मशीन खिम्यावर किंवा मांसाच्या तुकड्यावर प्रकाश टाकते आणि परत आलेल्या प्रकाशावरून ओलावा, चरबी, प्रथिने सांगते, हे आता तुम्हाला माहीत आहे. तरी दर आठवड्याला एक-दोन नमुने परत द्यावे लागतात. कारण एकच, ते गोठवलेले असतात.

माल खराब होऊ नये म्हणूनच तुम्ही फ्रीजरमध्ये ठेवता, हे आम्हाला कळते. पण परवा नगेट्स बनवणाऱ्या एका ग्राहकाने किलोभर चिकन खिमा दगडासारखा गोठवून आणला. त्यातला बर्फ वितळला तेव्हा पिशवीच्या तळाशी अर्धी वाटी गुलाबी पाणी होते. ते पाणी मांसातलेच. गोठताना बर्फाचे स्फटिक स्नायूंचे तंतू फाडतात, आणि बर्फ वितळल्यावर पाणी बाहेर येते. ते पाणी ओतून टाकून मोजले तर ओलावा कमी आणि चरबी जास्त दिसते. तसेच मोजले तर ओल्या पृष्ठभागावरून प्रकाश उसळतो. त्या खिम्याची पाच ठिकाणी रीडिंग घेतली, एकही दुसऱ्याशी जुळेना. असा रिपोर्ट सही करून देणे आम्हाला जमत नाही, म्हणून नमुना परत केला.

चिकनच्या ब्रेस्टमध्ये सुमारे 75 टक्के पाणी असते, आणि आम्ही वापरतो तो अवरक्त प्रकाश पाणी फार शोषते, विशेषतः 1450 आणि 1940 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. त्यामुळे पाणी थोडे हलले तरी बाकीचे आकडेही हलतात.

नमुना 0 ते 4 अंशांवर, बंद पिशवीत आणा. बर्फ मांसाला थेट लागू देऊ नका. तुमचा मालच फ्रोझन विकला जात असेल तर आधी फोन करा, त्याचे कॅलिब्रेशन (मशीनची जुळवणी) वेगळे आहे.

रंग मोजायला अर्धा तास का थांबवता, असेही विचारले जाते. व्हॅक्यूम पॅकमधले मटण उघडताच जांभळट दिसते. हवा लागली की त्यातले मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला रंग देणारे प्रथिन, ऑक्सिजन घेते आणि लाली चढते. लगेच मोजले तर लालपणाचा आकडा कमी येतो आणि तुमचा चांगला माल फिका ठरतो. हा अर्धा तास तुमच्याच फायद्याचा आहे.

जंतू मात्र या प्रकाशाने मोजता येत नाहीत. ती तपासणी वेगळी, पण त्याच फेरीत नमुना देता येतो.

थंड डबा आणि जेल पॅक आदल्या दिवशी आमच्याकडून न्या, भाडे नाही. सकाळी 11 च्या आत नमुना पोहोचला तर ओलावा, चरबी, प्रथिने आणि रंगाचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी मिळतो.