औषध चिमूटभर, वायू डबीभर

इन्हेलरचा पर्यावरणावर भार पडतो म्हटलं की बहुतेकांची नजर प्लॅस्टिककडे जाते. खरा भार आतल्या वायूचा आहे. सालब्युटामोल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या नेहमीच्या 200 झोतांच्या पंपात एका झोताला 100 मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे अख्ख्या डबीत सुमारे 20 मिलिग्रॅम. बाकी जवळपास सगळा असतो तो दाबाखालचा वायू, औषध जोरात बाहेर फेकणारा.

ही रचना 1956 सालची. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, की केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही? तोवर रबरी फुगा दाबून चालवायचे काचेचे नेब्युलायझर असत. ते फुटत, आणि डोसही दर वेळी सारखा येत नसे. मुलीच्या त्या प्रश्नातून ‘मेडिहेलर’ आला. त्यातला वायू होता सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन.

1974 मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी सीएफसीमुळे ओझोनचा थर धोक्यात येतो हे दाखवून दिलं. 1987 मध्ये ओझोनला मारक वायूंचा वापर थांबवण्यासाठी माँट्रियल हा आंतरराष्ट्रीय करार झाला. इन्हेलरला मात्र अत्यावश्यक वापर म्हणून सवलत मिळाली, आणि ती योग्यच होती. पर्याय हाती नसताना दमेकऱ्याचा पंप काढून घेणं अमानुष झालं असतं. 1990 च्या दशकाच्या मध्यावर एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गटातल्या एचएफसी-134ए वायूवर चालणारे पंप आले. ओझोन वाचला, पण हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट उष्णता अडवतो. काही पंपांतल्या एचएफसी-227ईएचा आकडा तर 3,000 च्याही वर जातो. माँट्रियल कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने एचएफसीही कपातीच्या यादीत आले. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या एकूण कार्बन उत्सर्जनात इन्हेलरचा वाटा सुमारे 3 टक्के धरला जातो.

पावडरीच्या इन्हेलरात असा वायूच नसतो. रुग्ण स्वतःच्या श्वासाने औषध आत ओढतो. स्वीडनमध्ये बराच काळ तेच जास्त वापरले जातात. पण जोरात श्वास ओढण्याची ताकद लहान मुलांत, थकलेल्या वृद्धांत किंवा ऐन झटक्यात नसते. तिथे पंप आणि स्पेसरच (पंपाला जोडायची पोकळ नळी) हवा, त्यात काटकसर नको.

काटकसरीला जागा आहे ती वॉर्डात. रुग्ण घाईत दाखल होतो, पंप घरीच राहतो. वॉर्डात नवा उघडतात. वॉर्ड बदलला की जुना कपाटातच राहून जातो, तिकडे आणखी एक उघडला जातो, आणि डिस्चार्जच्या वेळी पिशवीत तिसरा पडतो. दोन-चार झोतच वापरलेली डबी कचऱ्यात जाते आणि आतला वायू हळूहळू हवेत मिसळतो. रुग्णाचा पंप त्याच्या नावाची चिठ्ठी लावून फाइलसोबत पुढच्या वॉर्डात पाठवला, तर कुणाचाही एक श्वास कमी न होता हे थांबतं. डबीवर डोस काउंटरही हवा. औषध संपलं तरी वायू थोडा उरतोच, त्यामुळे हलवून पाहणारा फसतो: कुणी भरलेली टाकतो, कुणी रिकामी ओढत बसतो. वापरून झालेल्या डब्या गोळा करून उच्च तापमानाला जाळल्या, तर उरलेला वायूही नष्ट होतो. त्यासाठी वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीजवळ वेगळा डबा ठेवावा लागतो आणि तो भरला की फार्मसीकडे नेण्याचं काम कुणाच्या तरी ड्यूटीत लिहावं लागतं.