डिमसम वाट पाहत नाही

हाँगकाँगमध्ये शाम शुई पो किंवा मोंगकॉकसारख्या दाटीवाटीच्या भागात डिमसमच्या, म्हणजे चहाबरोबर खायच्या, बहुतेक वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या, एखाद्या साध्या दुकानात शिरलं, की आधी जाणवते ती घाई. गोल टेबलावर अनोळखी माणसांच्या शेजारी जागा मिळते, पुढ्यात चहाची किटली आदळते, छापील चिठ्ठीवर पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि ती वाढप्याच्या हातात द्यायची. मग टोपल्या येऊ लागतात, त्याही कुठल्याही क्रमानं. आधी हे, मग ते, असा विचार इथे कुणी करत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा उद्धटपणा वाटतो. पण या खाण्याची घडण बघितली, तर घाईला चांगलं सबळ कारण सापडतं. टेबलावर येणारा जवळजवळ प्रत्येक पदार्थ अशा अवस्थेत असतो, की ती फार तर काही मिनिटं टिकते. भूक पोटात असली तरी घड्याळ टोपलीत असतं.

हा-गाऊ घ्या. कोळंबी भरलेला, अर्धवट पारदर्शक पारीचा हा छोटा पुडा गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात दक्षिण चीनमधल्या क्वांगचौच्या चहाघरांत रुळला आणि आज दुकानाची परीक्षा त्याच्यावरूनच होते. पारी इतकी पातळ हवी की आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसावा, तरीही चॉपस्टिकनं उचलताना ती फाटता कामा नये. या दोन अटी एकमेकींच्या विरोधातल्या आहेत, आणि हा तिढा सुटतो तो पिठाच्या निवडीतून.

ही पारी गव्हाच्या पिठाची नसते, गव्हाच्या स्टार्चची असते. कणीक पाण्यात मळून धूत राहिलं, की ग्लुटेन हे गव्हातलं चिवट प्रथिन हातात उरतं आणि पांढरं पाणी खाली जातं. ते पाणी निवळून, वाळवून जो पांढराशुभ्र चुरा मिळतो तो हा स्टार्च. त्यात थोडं टॅपिओकाचं, म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याचं, स्टार्च मिसळतात. आता ग्लुटेनच नाही म्हटल्यावर गार पाण्यात हे पीठ मळताच येत नाही. म्हणून त्यावर उकळतं पाणी ओततात. आपल्याकडे मोदकासाठी तांदळाच्या पिठाची उकड काढतात, त्यामागे हेच रसायन आहे. स्टार्चचे कण साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी पिऊन फुगू लागतात, आतल्या साखळ्या सैल होतात, काही बाहेर झिरपतात आणि सगळं पीठ एकमेकांना धरून राहतं. ग्लुटेननं करायचं काम अर्धवट शिजलेलं स्टार्च करतं.

मग मोदक पांढरा आणि हा-गाऊ पारदर्शक, असं का? कच्च्या स्टार्चचा कण म्हणजे घट्ट रचलेला अर्धस्फटिकी गोळा. गव्हाचे मोठे कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे असतात. प्रकाश पाण्यातून कणात आणि कणातून पुन्हा पाण्यात शिरताना दर वेळी वळतो, विखुरतो, आणि आपल्याला पांढरं दिसतं. कण फुगून फुटले की आतलं आणि बाहेरचं यांत फारसा फरक राहत नाही, प्रकाश सरळ पार जातो. तांदळाच्या पिठात मात्र स्टार्चबरोबर सात-आठ टक्के प्रथिनं असतात आणि पूर्ण न फुटलेले कणही उरतात. ते प्रकाश अडवत राहतात, म्हणून मोदक कितीही सुरेख उकडला तरी काच होत नाही. हा-गाऊच्या पारीतून प्रथिनं आधीच धुऊन काढलेली असतात. टॅपिओका पारीला आणखी नितळ करतो आणि थोडा ताणही देतो.

पारी लाटायला लाटणं नसतं. कारागीर रुंद, बोथट सुरीच्या पात्याला तेलाचा हात लावतो, पिठाची छोटी गोळी पात्याखाली धरतो आणि मनगटाच्या एका वळणात ती दाबून पसरवतो. एका क्षणात गोल चकती तयार. ती गार होण्याआधी तिला चुण्या घालून मिटायचं असतं, कारण गार झालेलं स्टार्च वळत नाही, तडकतं.

आतल्या कोळंबीवरही रसायन चालवलेलं असतं. चांगल्या हा-गाऊतली कोळंबी दाताखाली करकरते. ताज्या कोळंबीलाही नुसतं वाफवून असा करकरीतपणा येत नाही. तिला आधी मीठ आणि खाण्याचा सोडा चोळून ठेवतात. सोड्यामुळे आम्लता घटते, प्रथिनांच्या साखळ्यांवरचा ऋण विद्युतभार वाढतो, साखळ्या एकमेकींना दूर लोटतात आणि मधल्या फटींत पाणी धरून ठेवतात. शिजतानाही ते पाणी सुटत नाही. मग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली कोळंबी बराच वेळ धुतात, नाहीतर सोड्याची साबणासारखी चव राहते. काही दुकानांत सोडा जास्त झालेला लगेच कळतो: कोळंबी काचेसारखी दिसते आणि तिला कोळंबीची चवच नसते. मला विचाराल तर तेवढ्या करकरीतपेक्षा थोडी मऊ पण चवीची कोळंबी बरी.

यानंतर वाफ. पाच-सात मिनिटांत सगळं शिजतं ते वाफ गरम असते एवढ्यानं नाही. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालू शकतो, पण उकळत्या किटलीच्या तोंडाशी नाही. एक ग्रॅम उकळतं पाणी दहा अंशांनी गार झालं तर सुमारे ४२ ज्यूल उष्णता देतं. एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं, तर तापमान १०० अंशांवरून तसूभरही न हलता सुमारे २,२६० ज्यूल उष्णता बाहेर पडते. वाफ हा-गाऊच्या गार पारीवर आदळते, तिथेच तिचं पाणी होतं आणि ही सगळी उष्णता त्या जागी ओतली जाते. जो भाग जास्त गार तिथे जास्त वाफ निवते, म्हणजे उष्णता आपोआप हवी तिथे पोहोचते. शिवाय साध्या टोपलीत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे काही करपण्याचा प्रश्नच नाही.

बांबूची टोपली दिसायला छान म्हणून टिकलेली नाही. धातूच्या झाकणाला आतून थेंब जमतात आणि खाली टपकतात. पातळ पारीवर एक थेंब पडला तरी तिथे चिकट खड्डा होतो. विणलेलं बांबूचं झाकण काही पाणी पिऊन घेतं, काही वाफ बाहेर सोडतं. टोपल्या एकावर एक रचल्या की एकाच कढईच्या वाफेवर सात-आठ पदार्थ होतात, हा धंद्याचा हिशेबही आहेच.

आता घाईकडे परत येऊ. शिजलेल्या स्टार्चच्या सैल साखळ्या गार होताना पुन्हा शेजारी शेजारी येऊन रचना धरू लागतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात: सरळ साखळ्यांचं अमायलोज हे काम फार लवकर करतं, फांद्या असलेलं अमायलोपेक्टिन सावकाश. परिणाम डोळ्यांना दिसतो: टोपली उघडली तेव्हा नितळ असलेली पारी थोड्याच वेळात धुरकट होते, मग कडक. उलट टोपली वाफेवरच ठेवून दिली तर पारी पाणी पीत राहते, लिबलिबीत होते, खालच्या कागदाला चिकटते आणि उचलताना फाटते. जुन्या चहाघरांत ढकलगाड्यांवर टोपल्या फिरवत, बायका पदार्थांची नावं पुकारत. ते दृश्य देखणं होतं, पण गाडीवर अर्धा तास फिरलेला हा-गाऊ खाणं हा त्या दृश्याचा कर होता. आता बहुतेक दुकानांत चिठ्ठी आल्यावरच टोपली वाफेवर चढते. २००९ मध्ये मोंगकॉकच्या एका वीसेक खुर्च्यांच्या जागेत सुरू झालेल्या टिम हो वाननं याच बेतावर वर्षभरात मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचा मानाचा तारा मिळवला आणि स्वस्तातलं डिमसमही किती नेमकं असू शकतं ते जगाला दिसलं.

डिमसममधल्या कोंबडीच्या पायांना मात्र घाई नसते. ते आधी तळतात, त्यात कातडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि कातडी फुगते. मग गार पाण्यात भिजवून तिला सुरकुत्या पाडतात, त्यानंतर मसाल्यात शिजवून पुन्हा वाफवतात. एवढ्या वेळात कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तिपेडी साखळ्या उलगडून जिलेटिन होतात. तेच जिलेटिन शांघायकडच्या रसरशीत बाओमध्ये, म्हणजे आत रस्सा असलेल्या खिम्याच्या पुड्यांत, कामाला येतं. हाडांचा रस्सा गार करून घट्ट जेली करायची, ती खिम्यात मिसळून पुडा मिटायचा. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या तापमानालाच वितळतं, म्हणून टोपलीतून बाहेर येईपर्यंत जेलीचा पुन्हा रस्सा झालेला असतो. पातळ रस्सा पारीत भरला कसा, याचं उत्तर एवढंच: भरताना तो पातळ नव्हताच.

नूडल्सचं दुकान बहुतेकदा वेगळं असतं आणि तिथली घाई आणखी जास्त. वोंटन म्हणजे पातळ पारीत सारण भरून रश्शात सोडलेले पुडे. त्यांच्याबरोबरच्या हाँगकाँगच्या वोंटन नूडल्स बारीक, पिवळ्या आणि चावायला चिवट. पिवळा रंग अंड्याचा, असं सगळे समजतात. या नूडल्समध्ये बदकाचं अंडं घालतात हे खरं, पण रंगाचा बराच वाटा क्षाराचा असतो. पिठात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी घालतात. गव्हात फ्लेव्होनॉइड वर्गातली रंगद्रव्यं असतात, ती एरवी रंगहीन आणि क्षारात पिवळी दिसतात. त्याच क्षारामुळे ग्लुटेनच्या साखळ्या एकमेकींत जास्त घट्ट गुंततात आणि नूडल्सना तो ओळखीचा चिवटपणा येतो. जुन्या पद्धतीत कारागीर जाड बांबूचं एक टोक भिंतीशी अडकवून दुसऱ्या टोकावर स्वतः बसतो आणि उड्या मारत मधल्या पिठावर दाब देतो. पाणी अगदी कमी असलेलं हे पीठ हातानं मळणं जवळजवळ अशक्य असतं.

कच्च्या नूडल्स उकळत्या पाण्यात काही सेकंद, लगेच गार पाण्यात, पुन्हा क्षणभर उकळत्या पाण्यात. गार पाण्यानं वरचं सुटं स्टार्च आणि जास्तीचा क्षार धुऊन जातो आणि शिजणं जागीच थांबतं. चांगल्या नूडलच्या बाहेरच्या थरात पाणी जास्त असतं, गाभ्यात कमी, आणि दातांना जी मजा येते ती या फरकाची. पण पाणी आत मुरत राहतं आणि फरक मिटत जातो. मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो: जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई. म्हणून उडोन या जाड जपानी नूडल्स रश्शात थोडा वेळ तग धरतात, या बारीक नूडल्स धरत नाहीत. जुनी दुकानं त्यावर साधा उपाय करतात. वाडग्यात तळाला चमचा, त्यावर वोंटन आणि सगळ्यात वर नूडल्स, म्हणजे त्या रश्शात पूर्ण बुडत नाहीत. वाडगाही लहान असतो. टेबलावरचं लाल व्हिनेगर दोन थेंब घातलं की उरलासुरला क्षार मारला जातो. फोटो काढत बसणाऱ्यांनी निदान नूडल्स संपवून मग वोंटनचा फोटो काढावा.

रश्शात सुकवलेला मासा, डुकराची हाडं आणि कोळंबीची अंडी असतात. रश्शाची भरीव, मांसल चव मुख्यतः दोन द्रव्यांची. मासा आणि मांस यांतून इनोसिनेट मिळतं. सोया सॉसमधून, आणि अनेकदा चिमूटभर पांढऱ्या पुडीतून, ग्लुटामेट. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्यांचे विद्यार्थी शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये सुकवलेल्या माशातून इनोसिनेट. ही दोन एकत्र आली की चव बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या एकाच ग्राहक प्रथिनाच्या, शिंपल्यासारख्या मिटणाऱ्या पाकळीत ग्लुटामेट आत बिजागरीशी बसतं आणि इनोसिनेट पाकळीच्या तोंडाशी बसून ती मिटलेली धरतं, त्यामुळे मेंदूकडे जाणारा संदेश जोरदार होतो. हे ग्राहक प्रथिन २००२ मध्ये ओळखलं गेलं. स्वयंपाक्यांनी मात्र मासा आणि सोया सॉसची जोडी फार आधीच जमवली होती.

त्या पांढऱ्या पुडीला आपल्याकडे कंपनीच्या नावानं अजिनोमोटोच म्हणतात, आणि चायनीजच्या गाडीवर ‘अजिनोमोटो नको’ असं बजावणारे पुष्कळ भेटतात. या भीतीचा माग एका पत्रापर्यंत जातो. १९६८ मध्ये रॉबर्ट हो मॅन क्वोक या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला लिहिलं, की चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशक्त वाटतं. त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकाची वाइन, मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट (म्हणजे हीच पुडी) असे संशयित मांडले होते. लोकांच्या लक्षात शेवटचा तेवढा राहिला. पुढे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःला त्रास होतो म्हणणाऱ्या १३० जणांना, काय दिलं हे कळू न देता, तपासलं. जेवणाशिवाय मोठा डोस दिल्यावर काहींना लक्षणं जाणवली, पण पुन्हा दिल्यावर ती सातत्यानं उमटली नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मते पुडी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात ती साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असते. टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट हा एकच रेणू आहे. गाडीवरच्या तेलाची आणि मिठाची काळजी करावी, ती जास्त रास्त आहे.

उरलेलं डिमसम घरी न्यायचं असेल, तर फ्रिज हा त्याचा शत्रू आहे. स्टार्चच्या साखळ्या पुन्हा रचल्या जाण्याचा वेग चार अंशांच्या आसपास, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानाला, सर्वाधिक असतो. गोठवलेलं बरं, कारण तिथे पाणी हलतच नाही. पुन्हा गरम करताना वाफेवर धरलं तर अमायलोपेक्टिनची रचना ६० अंशांच्या आगेमागे मोडते आणि पारी बऱ्यापैकी मऊ होते. अमायलोजची गाठ सुटायला मात्र १०० अंशांच्या बरंच वर जावं लागतं, जे साध्या वाफेला जमत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीचा हा-गाऊ मऊ होतो, पण पहिल्याइतका नितळ होत नाही. वोंटन नूडल्स नेण्याचा विचारच नको. तसंच न्यायच्या असतील, तर रस्सा वेगळ्या डब्यात मागून घ्या.