ताप नाही म्हणजे लक्षणं नाहीत, असं कुणी सांगितलं?

सोलापुरात गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, संपता संपता सर्दी-खोकल्याचा सीझन सुरू होतो, पावसाळ्यात तो पुन्हा येतो, आणि दोन्ही वेळेला तेच वाक्य ऐकायला मिळतं. 'आमच्या आप्पांना काहीच लक्षणं नाहीत हो, ताप नाही, खोकला नाही, नुसतं दोन दिवस झोपून असतात आणि जेवायला नको म्हणायलेत.' सांगणारा खोटं बोलत नसतो, पण त्याने एका दमात लक्षणं नाहीत असंही सांगितलं आणि दोन लक्षणंही सांगून टाकली. आणि समोरचे चार जण मान डोलावून म्हणतात, हो हो, म्हाताऱ्या माणसांना कळतच नाही. ह्या गोंधळापायी माणूस उशिरा दवाखान्यात पोचतो, म्हणून एकदा नीट लिहितो.

तरुणांचं सोडा. फ्लू, कोविड, आरएसव्ही (सर्दी-खोकल्याचाच आणखी एक व्हायरस), काहीही झालं तरी नाक गळतं, घसा धरतो, अंग मोडून येतं, हे सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो साठी-सत्तरीच्या पुढे, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपतात. एक म्हणजे व्हायरस अंगात आहे पण माणसाला खरंच काही होत नाहीये. दुसरी म्हणजे माणूस चांगला आजारी आहे पण आजार ताप-खोकल्याच्या वाटेने आलेला नाही. पहिल्यात वाट बघायची असते, दुसऱ्यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो, इतका फरक आहे.

पहिली गोष्ट पटकन सांगतो. तसं होतं, अगदी ऐंशीच्या माणसालाही होतं. आधी तोच व्हायरस होऊन गेलेला असतो किंवा लस घेतलेली असते, शरीर गुपचूप निपटून टाकतं. त्याला अँटिबायोटिक द्यायचं काही कारण नाही, व्हायरसवर ते चालतच नाही, तरी लोक मेडिकलमधून पट्टी आणून सुरू करतात, ह्याचा मला मनापासून राग आहे. फक्त अशा माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते, म्हणून मास्क, वेगळी खोली, उघडी खिडकी. आणि आरटीपीसीआर जुनं इन्फेक्शन बरं झाल्यावरही कधी कधी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, तेही ध्यानात असू द्या.

पण 'लक्षणं नाहीत' हे टेस्टच्या दिवशी ठामपणे सांगताच येत नाही. 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीत एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे वयस्कर लोकांना कायमचं ठेवून सांभाळतात तिथे, ज्यांना त्रास नाही त्यांचीही कोविड टेस्ट केली. 76 पैकी 48 पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या 27 जणांना त्या दिवशी काहीच नव्हतं. पुढे त्या 27 पैकी 24 जणांना लक्षणं आली, साधारण चार दिवसांत. म्हणजे ते बिनलक्षणाचे नव्हतेच, त्यांची लक्षणं यायची होती. खरंच काही झालं नाही हे दहा-बारा दिवस उलटल्यावर मागे वळून बघूनच कळतं, तोवर रोज लक्ष ठेवायचं.

आता खरी अडचण, दुसरी गोष्ट.

ताप हा व्हायरस करत नाही, आपलं शरीर व्हायरसशी भांडताना करतं. वय वाढलं की ही प्रतिक्रियाच मंदावते, आणि मुळात बऱ्याच वयस्कर माणसांचं रोजचं टेम्परेचरच कमी असतं, 97 च्या आसपास. अशा माणसाला 99.2 आलं की घरचे म्हणतात नॉर्मल आहे, शंभरच्या आतच आहे की. नॉर्मल नाहीये. नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठी डॉक्टरांचे जे निकष आहेत त्यात तोंडातून मोजलेलं टेम्परेचर एकदाच शंभराच्या वर गेलं तरी ताप, वारंवार 99 च्या वर राहिलं तरी ताप, आणि त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन डिग्रीच्या वर चढलं तरी तापच. पण नेहमीचा आकडा किती हे कुणी मोजलेलंच नसतं! बरं असताना तीन-चार सकाळी मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. काखेत जरा कमीच येतं, गरम चहा प्यायल्या प्यायल्या तोंडात धरलं तर उगाच जास्त येतं. त्यात गुडघेदुखीसाठी रोज पॅरासिटामॉल चालू असेल किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर ताप यायचा तोही दबतो.

खोकल्याचंही तसंच. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं आयुष्य पॉवरलूमवर सुताच्या धुळीत गेलंय, किंवा ज्यांनी वर्षानुवर्षं विडी ओढलीय, त्यांना खोकला कायमचाच असतो, त्यामुळे नवीन खोकला जुन्यात मिसळून जातो. धाप लागते म्हणावं तर माणूस कॉट ते बाथरूम एवढंच चालतो, धाप लागायला जिना तरी चढायला पाहिजे ना. म्हणून ते शांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. पंचवीस किंवा जास्त असेल तर ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, काहीही दाखवू दे, डॉक्टरला फोन करा. ऑक्सिमीटरचं तर काय बोलायचं, बोटं गार पडली किंवा नखावर मेंदी असली की आकडा चुकतो, आणि 97 बघून निर्धास्त झालेली घरं मी बघितलीत.

मग दिसतं काय? जेवण दिसतं. जो माणूस रोज दोन भाकऱ्या आमटीत कुस्करून खातो तो आज अर्धीच कुस्करतो, बोटाने ताटातच फिरवत बसतो आणि ताट सरकवतो. रात्री उठून बाथरूमला जाताना चौकट धरून उभा राहतो, पोराला त्याच्या काकाच्या नावाने हाक मारतो, कपडे ओले होतात, सकाळी विचारलं तर आठवत नाही. अचानक आलेला असा भ्रम हा आजार असतो, म्हातारपण नव्हे. अमेरिकेत कोविड घेऊन इमर्जन्सीत आलेल्या 817 वयस्कर रुग्णांची पाहणी झाली होती, त्यात 28 टक्क्यांना आल्या आल्याच असा भ्रम होता, आणि त्या भ्रम झालेल्यांतल्या 37 टक्क्यांना ताप, धाप अशी नेहमीची लक्षणं नव्हतीच. हे लोक आपल्याकडे असते तर आपण त्यांना बिनलक्षणाचे म्हणून घरीच ठेवलं असतं.

'वयच झालंय आता' हे वाक्य तर बंदच व्हायला पाहिजे. वय दोन दिवसांत होत नाही! मे महिन्यात ऊन लागलं म्हणून मरगळ येऊ शकते, आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, मान्य, पण तेव्हाही पाणी देऊन, थंड जागी ठेवून तासा-दोन तासात फरक पडला पाहिजे, आणि जीभ जड झाली किंवा भ्रम झाला तर तेवढंही थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. जानेवारीत तर उन्हाचं नावच काढू नका.

घाई एवढ्यासाठी की फ्लूचं औषध, ओसेल्टामिविर, त्रास सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. आपण ताप यायची वाट बघण्यातच ते तास घालवतो.

डॉक्टरकडे जाताना ताट वाढणाऱ्या माणसाला सोबत न्या, म्हणजे सून, आजी, जी कोण असेल ती, कारण 'नेहमीपेक्षा काय बदललं' ह्याचं उत्तर तिच्याकडेच असतं, मुलगा बाहेरून येऊन फक्त ताप नाही एवढंच सांगतो. परवापासून जेवण निम्म्यावर, काल रात्री तोल गेला, एरवी टेम्परेचर 97 आज 99.2, अशा भाषेत सांगा. आणि चालू गोळ्यांची पूर्ण पिशवी घेऊन जा, बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीसुद्धा वाढलेली दिसत नाही, ते डॉक्टरला आधी कळलं पाहिजे.