पोझिशन रायफल आणि बेंचरेस्ट रायफल : एकीच्या जागी दुसरी चालेल का?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. आपल्या मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्याचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याच प्रकारात टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये उतरले होते. इंदूरला नेमबाजी तशी परकी नाही. महूला लष्कराचे मार्क्समनशिप युनिट आहे आणि शहराच्या कडेला सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे. मात्र इथल्या मराठी मंडळींकडून अलीकडे जी विचारणा होते, ती स्पर्धेत उतरणाऱ्यांची नसते. नोकरीतून निवृत्त झालेले, गुडघे आणि कंबर साथ देत नसली तरी नजर आणि हात शाबूत असलेले गृहस्थ विचारतात, "मला झोपून किंवा उभं राहून नेम धरायचा नाही. टेबलावर रायफल टेकवून निवांतपणे गोळ्या एका जागी पाडायच्या आहेत. ऑलिंपिकवाली जुनी रायफल मिळते आहे, घेऊ का?" या प्रश्नात शरीरावर टेकवून मारायची पोझिशन रायफल आणि टेबलावर टेकवून मारायची बेंचरेस्ट रायफल या दोन वेगळ्या रायफली एक समजल्या गेल्या आहेत. त्या दिसायला सारख्या, वजनाला जवळपास सारख्या आणि एकाच काडतुसावर चालणाऱ्या असल्यामुळे हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

दोन्ही रायफलींत पॉइंट टू-टू लाँग रायफल हेच काडतूस वापरले जाते. १८८७ पासून प्रचलित असलेल्या या काडतुसात पेट घेणारे रसायन तळाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची आणि शुद्ध शिशाच्या जवळपासची असते. दोन्ही रायफलींच्या नळीतील खाचांचा पीळ बहुधा १६ इंचांत एक फेरा असतो, दोन्हींत हाताने मागेपुढे करायचा बोल्ट असतो आणि दोन्हींत एका वेळी एकच काडतूस भरतात. पुष्कळदा तर नळी आणि ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो मधला भाग, एकाच कारखान्याची, अगदी एकाच मॉडेलची असते. तेव्हा धातूच्या भागापुरते पाहिले तर या सख्ख्या बहिणी आहेत. फरक पडतो तो रायफल कशावर टेकायची, या एका गोष्टीमुळे.

पोझिशन रायफल माणसाच्या शरीरावर टेकते. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत ती त्याच नेमबाजाला बसली पाहिजे, म्हणून तिचा दस्ता सगळीकडून हलवता येतो: गालाखालचा आधार वर-खाली होतो, खांद्याला टेकणारी बट प्लेट लांबते आणि तिरपी होते, तिच्या खालच्या टोकाला काखेत अडकणारा आकडा असतो, पुढे डाव्या हातासाठी दस्त्याखालच्या रेलवर सरकणारा थांबा असतो, आणि पिस्तुलासारखी खोल मूठ तर हाताच्या मापाने घासून घेतलेली असते. नियमानुसार ८ किलोंपर्यंत वजन चालते. या सगळ्या कारागिरीचे मोल मोठे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. परंतु टेबलावर बसणाऱ्या माणसाला तिच्यातील अर्ध्याहून अधिक गोष्टींचा उपयोग नसतो, आणि काही तर आडव्याच येतात.

बेंचरेस्ट रायफल टेबलावरच्या आधारावर टेकते. पुढे वाळूची पिशवी बसवलेला, स्क्रूने बारीक सरकवता येणारा जड रेस्ट असतो, आणि मागे दस्त्याखाली सशाच्या कानांसारखे दोन उंचवटे असलेली वाळूची पिशवी असते. म्हणून या रायफलीच्या दस्त्याचा पुढचा भाग तळाशी अगदी सपाट आणि साधारण तीन इंच रुंद ठेवतात, मागच्या भागाची खालची कड नळीशी समांतर किंवा जवळपास समांतर ठेवतात, आणि आकडे, थांबे, खोल मूठ यांना फाटा देतात. दिसायला ती फळीसारखी साधी असते. तो साधेपणा विचारपूर्वक आणलेला आहे, हे एका हिशेबावरून कळेल.

गोळी नळीत पुढे सरकत असतानाच रायफल मागे सरकू लागते. सहा किलोंची रायफल आणि २.६ ग्रॅमची गोळी धरली, तर गोळी ६५ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल सुमारे पाव मिलिमीटर मागे आलेली असते. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. ती सरळ मागे आली तर खरोखरच काही बिघडत नाही. परंतु पुढच्या आणि मागच्या आधारांत ७० सेंटिमीटर अंतर असताना दस्ता मागच्या पिशवीवर केवळ दशांश मिलिमीटर उचलला गेला किंवा बाजूला ढकलला गेला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे सात मिलिमीटर भरकटते. आंतरराष्ट्रीय ५० मीटर टार्गेटवरील दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे एवढ्याशा तिरक्या सरकण्याने मधोमध बसणारी गोळी त्या वर्तुळाच्या कडेशी जाते. शरीरावर टेकलेली रायफल हा धक्का खांद्यात आणि हाताला अडकवलेल्या पट्ट्यात सामावून घेते आणि तिचा मालक तो दर वेळी सारखाच सामावून घ्यायला वर्षानुवर्षे शिकतो. टेबलावर हे काम दस्त्याच्या आकाराला करावे लागते.

हे पाहण्यासाठी गोळी झाडण्याची गरज नाही. रायफल रिकामी आहे याची बोल्ट उघडून खात्री करावी, रेंजवर ती रेस्टवर ठेवावी, दुर्बिणीतील फुली ५० मीटरवरच्या एखाद्या ठिपक्यावर आणावी आणि दस्ता धरून रायफल हळूहळू दोन-तीन सेंटिमीटर मागे आणि पुन्हा पुढे सरकवावी. चांगल्या बेंचरेस्ट दस्त्यावर फुली ठिपक्यावरच राहते, किंवा फार तर सरळ उभ्या रेषेत किंचित हलते. पोझिशन रायफलीवर ती तिरकी पळताना दिसते, कारण दस्त्याची खालची कड उतरती असते आणि बट प्लेटचा आकडा पिशवीच्या कापडात रुतून रायफलीला वळवतो. आकडा काढता येतो, पुढच्या रेलवर सपाट पट्टी बसवता येते, आणि एवढ्याने पुष्कळ सुधारणा होते. जुनी रायफल घेण्यापूर्वी ही चाचणी जरूर करावी. बोलण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा पाच मिनिटांत अधिक कळते.

नळीच्या टोकाशी आणखी एक फसवे साम्य आहे. दोन्ही रायफलींच्या टोकावर एक गोल नळकांडे बसवलेले दिसते आणि पाहणारा ते एकच समजतो. पोझिशन रायफलीवरील नळकांडे पोकळ असते. नळी न लांबवता पुढची साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, डोळ्यापासून दूर नेणे, म्हणजे साइटमधील चूक अधिक स्पष्ट दिसणे, एवढेच त्याचे काम. बेंचरेस्ट रायफलीवरील ट्यूनर हे मागेपुढे फिरवता येणारे वजन असते आणि ते नळीच्या कंपनाची लय बदलते. याची गरज काय? एकाच डबीतील काडतुसांच्या वेगातही थोडा फरक असतो. सेकंदाला ३२५ मीटर वेगाने निघणारी गोळी १० मीटरने मंद निघाली, तर ५० मीटरवर ती सात मिलिमीटरहून थोडी अधिक खाली बसते. ट्यूनर असा लावतात की नळीचे टोक वर उचलले जात असण्याच्या क्षणी गोळी बाहेर पडावी. मग मंद गोळी उशिरा, म्हणून थोड्या वरच्या कोनातून निघते आणि तिची घसरण बरीच भरून निघते. हौशी नेमबाजाने पहिल्या वर्षी ट्यूनरच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे, कारण काडतूस ठरण्यापूर्वी ट्यूनर फिरवणे म्हणजे दोन अज्ञात गोष्टी एकत्र हलवणे होय.

साइट आणि ट्रिगर यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. पोझिशन रायफलीवर पुढे वर्तुळाची आणि मागे बारीक छिद्राची साइट असते, भिंग चालत नाही. बेंचरेस्टला जास्त मोठे करून दाखवणारी दुर्बीण हवी आणि तिचा पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की फुली सरकल्यासारखी दिसण्याचा दोष, ५० मीटरला जुळवून घालवता आला पाहिजे. मोठ्या रायफलींसाठी १०० यार्डांवर कायम केलेली दुर्बीण इथे डोळा किंचित हलला तरी फुली हलवते. ट्रिगर दोन्हींत हलकाच असतो. पोझिशनवाल्यांना बहुधा दोन टप्प्यांचा आवडतो, बेंचवाल्यांना एका टप्प्याचा. दोन टप्प्यांच्या ट्रिगरने टेबलावर काही अडत नाही.

आता ज्या भागावर दोन्ही रायफली सारख्याच अवलंबून असतात, त्या नळीकडे आणि चेंबरकडे, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेकडे, वळतो, कारण खरेदीचा पैसा इथेच लागला पाहिजे. उत्तम मॅच (स्पर्धेच्या दर्जाच्या) चेंबरमध्ये काडतूस शेवटी अंगठ्याच्या हलक्या दाबाने बसते आणि गोळीचा पुढचा भाग नळीतील खाचांमधल्या कंगोऱ्यांना टेकतो. रेंजवर, नळी टार्गेटच्या दिशेला ठेवून, काडतूस भरावे आणि न झाडता बोल्ट सावकाश उघडून बाहेर काढावे. शिशावर कंगोऱ्यांचे बारीक, सारख्या लांबीचे ओरखडे सगळ्या बाजूंनी उमटलेले दिसले, तर गोळी नळीच्या मध्यरेषेवर बसते असे समजावे. ओरखडे एकाच बाजूला असतील किंवा मुळीच नसतील, तर ती सैल, सर्वसाधारण वापराची चेंबर आहे. पडेल ते काडतूस मुकाट्याने खाणारी, पण कागदावर गोळ्या जवळजवळ न पाडणारी. नळीच्या टोकाची कड भिंगातून पाहावी. वर्षानुवर्षे टोकाकडून साफसफाईची सळई घातली गेली असेल तर तिथे झीज दिसते, आणि मग नाव कितीही मोठे असो, पुढे जाऊ नये.

चांगली नळीसुद्धा प्रत्येक काडतुसावर सारखी चालत नाही, इतकेच नव्हे तर एकाच ब्रँडच्या दोन लॉटवरही (एका वेळी बनलेल्या खेपांवरही) चालत नाही. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस यांची मॅच काडतुसे ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाने निघतात. हाय व्हेलॉसिटी काडतुसे ती सीमा ओलांडून खाली येताना डळमळतात, म्हणून कागदावरच्या नेमबाजीत ती घेऊ नयेत. ब्रँड बदलला की आधीच्या गोळ्यांवरचे मेण नळीत असते, तेव्हा पहिल्या दहा-वीस गोळ्या हिशेबात धरू नयेत. पाचऐवजी दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावर त्या किती जवळ पडल्या ते, पाहावा. इंदूरच्या उन्हाळ्यात दुपारचा वारा मध्येच उसळतो, आणि ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळी तीन सेंटिमीटरच्या आसपास सरकवतो. त्यामुळे काडतुसांची तुलना सकाळी, रेंजवरचे वाऱ्याचे झेंडे शांत असतानाच करावी. एरवी आपण वाऱ्याची परीक्षा घेतो आणि निकाल काडतुसावर लिहितो.

आपल्याकडील परिस्थितीही निवड ठरवते. पॉइंट टू-टू रायफल हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील बंदूकच आहे. परवाना आणि मान्यताप्राप्त रेंज या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. परदेशी रायफलींची आयात सर्वसाधारण परवानाधारकाला खुली नाही, ती मुख्यत्वे नावाजलेल्या नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत मिळते. म्हणून खास बेंचरेस्टची रायफल आपल्या बाजारात क्वचितच दिसते, आणि जुनी पोझिशन रायफल, विशेषतः जर्मन अन्शुट्झ, एखाद्या निवृत्त खेळाडूकडून मिळण्याची शक्यता तुलनेने अधिक असते. ती घ्यावी का, या प्रश्नाला माझे उत्तर आहे: नळी आणि चेंबर वरच्या कसोट्यांना उतरत असतील तर अवश्य घ्यावी, परंतु ॲल्युमिनियमच्या नव्या, शंभर ठिकाणी हलणाऱ्या दस्त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. दोन रायफलींत निवड असेल, तर केवळ झोपून मारण्यासाठी बनवलेली जुन्या लाकडी दस्त्याची रायफल निवडावी. तिचा पुढचा भाग रुंद आणि बराचसा सपाट असतो, मागे आकडा नसतो, आणि तिच्यावर दुर्बीण चढवून पुढे सपाट पट्टी लावली की बेंचरेस्ट रायफलीशी तिचे अंतर फार थोडे उरते. वाचलेल्या पैशांतून आधी पुढचा जड रेस्ट आणि मागची पिशवी घ्यावी, मग तीन-चार लॉटची काडतुसे, आणि दुर्बीण त्यानंतर.