तीन फुटांची ओल चार फुटांवर कशी जाते?

"खालचा तीन फूट चुना खरवडून काढू आणि सिमेंटचा पक्का गिलावा मारू, परत ओल दिसणार नाही." जांभ्याच्या जुन्या घरात ओल आली की बहुतेक गवंडी हाच उपाय सुचवतात आणि घरमालकाला तो पटतोही. पहिला पावसाळा बरा जातो. दोन-तीन वर्षांत नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेला, चार-सव्वाचार फुटांवर, ओलीचा पट्टा उमटतो. मग सिमेंट पाच फुटांपर्यंत चढवले जाते. भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत सिमेंट पोचलेली आणि मग ती टोके कुजलेली घरे मी पाहिली आहेत. त्यात गवंड्याच्या हाताचा दोष नसतो. ओल म्हणजे गळती आणि गळती बुजवली की काम झाले, ही समजूतच चुकीची आहे.

जांभ्याचा चिरा, वीट, चुना, माती हे सगळे सच्छिद्र पदार्थ. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसे त्यांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. शाळेत आपण याला केशाकर्षण म्हणून शिकलो. छिद्र जितके बारीक तितके पाणी उंच. एक मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते जेमतेम १५ मिलिमीटर चढते, त्याच्या शंभरपट बारीक नळीत दीड मीटर आणि हजारपट बारीक नळीत १५ मीटर. चिऱ्यात आणि चुन्यात या शेवटच्या मापाची छिद्रे भरपूर असतात. मग ओल आढ्यापर्यंत का पोचत नाही?

कारण चढता चढता ती वाळत असते. जमिनीतून भिंतीत शिरणारे पाणी आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी वाफ होऊन जाणारे पाणी जिथे सारखे होते, तिथे ओलीची रेघ थांबते. ब्रिटनमधल्या क्रिस्टोफर हॉल आणि विल्यम हॉफ या संशोधकांनी याचे गणित मांडले आहे. त्यानुसार ओलीची उंची भिंतीच्या जाडीच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि बाष्पीभवनाच्या वेगाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आता आतल्या अंगाला सिमेंट थापून भिंतीचे एक अंग बंद करा. बाष्पीभवन निम्मे झाले, म्हणून उंची दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे १.४ पटीने वाढणार. तीन फूट गुणिले १.४ म्हणजे ४.२ फूट. हिशोब ढोबळ आहे, पण पट्टा नेमका कुठे उमटतो ते आपण वर पाहिलेच.

इथपर्यंत भिंत नुसती ओली आहे. तिला पोखरणारा गडी वेगळाच, तो म्हणजे क्षार.

जमिनीतले पाणी कधीच शुद्ध नसते. मीठ, नायट्रेट, सल्फेट असे काही ना काही त्यात विरघळलेले असते. समुद्राजवळ मीठ जास्त. गोठ्याला किंवा जुन्या शौचकूपाला लागून असलेल्या भिंतीत मलमूत्रातून तयार झालेली नायट्रेटे जास्त. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा, म्हणजे असेच एक नायट्रेट, एके काळी बिहारमध्ये गुरांच्या वावराच्या, वस्तीच्या मातीतूनच काढला जाई आणि तिथून जहाजे भरून युरोपात जाई. पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षे साठलेले हे क्षार पांढऱ्या बुरशीसारखे भिंतीवर फुलतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

लोणा बाहेर दिसतो तोवर फार काळजी नको. चुन्याच्या गिलाव्यातून पाण्याची वाफ अगदी पृष्ठभागाशी होते, म्हणून स्फटिकही बाहेर धरतात आणि कुंच्याने झाडता येतात. सिमेंट किंवा ऑइलपेंट लावला की बाष्पीभवनाची जागा आत सरकते आणि स्फटिक गिलाव्यामागे, चिऱ्याच्या छिद्रांत धरू लागतात. बंद छिद्रात वाढणारा स्फटिक छिद्राच्या कडांवर दाब देतो. हा दाब दगडाच्या ताण सहन करण्याच्या ताकदीपेक्षा जास्त होऊ शकतो. मग गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि चिऱ्याचा भुगा होऊन खाली पडतो.

यात सोडियम सल्फेट सगळ्यात वाईट. त्याची दोन रूपे आहेत. कोरड्या रूपात पाणी नसते, ओल्या रूपात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात आणि आकारमान चौपटीहून अधिक होते. कोरडे रूप पाण्यात विरघळले की जे द्रावण बनते ते ओल्या रूपाच्या मानाने अतिसंपृक्त असते, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त क्षार असतो, म्हणून ओले स्फटिक एकदम आणि जोरात वाढतात. दगड किती टिकाऊ आहे हे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत तो याच क्षाराच्या द्रावणात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. आणि सिमेंटमध्ये विद्राव्य सल्फेटे मुळातच असतात. म्हणजे ओलीवरचा इलाज म्हणून आपण भिंतीला तिच्या शत्रूची रसदच पुरवतो.

साध्या मिठाचे वागणेही समजून घेण्याजोगे आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक होते. पावसाळ्यात कोकणातली हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वर असते, म्हणून मिठाने भरलेली भिंत जमिनीतून थेंबही न घेता ओली दिसते. पाऊस गेल्यावर आर्द्रता रात्री रेषेच्या वर आणि दुपारी खाली, असा रोजचा खेळ चालतो. प्रत्येक फेरीत स्फटिक विरघळतात आणि पुन्हा धरतात. भिंतीचा भुगा पावसाळ्यापेक्षा थंडीत जास्त का पडतो, याचे उत्तर इथे आहे.

ओल नेमकी कुठून येते हे ठरवल्याशिवाय खर्च करू नये. जमिनीतून येणारी ओल भिंतभर जवळपास सारख्या उंचीवर थांबते आणि तिच्या माथ्यावर क्षारांची रेघ असते. एकाच जागचा, बारा महिने ओला राहणारा डाग नळाचा किंवा मोरीचा. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीवर वरून उतरणारी ओल पावसाच्या झडीची असते. मोसमी वारेच त्या बाजूने येतात, म्हणून तर जुनी माणसे पडवीला झावळ्यांचे झाप बांधत. ईशान्य कोपऱ्यात ओल आली की वास्तुदोष सांगून पैसे उकळणारे भेटतात. अनेक घरांत वास्तुशास्त्राच्याच सल्ल्याने जमिनीखालची पाण्याची टाकी ईशान्येला खणलेली असते. अशा वेळी वास्तुशांत करण्याआधी टाकीला तडा गेलाय का ते पाहावे. ओल पळवून लावणाऱ्या चुंबकीय पेट्यांवरही पैसे घालवू नयेत. दोन काटे भिंतीत टोचून ओल मोजणारे यंत्र क्षारांनाही ओल समजते, तेव्हा त्याच्या आकड्यावर घाबरून जाऊ नये.

फरशीचे निदान थोडे वेगळे. शेणाने सारवलेल्या जमिनीतून सगळीकडून ओल उडून जाई. तिच्यावर काँक्रीट आणि व्हिट्रिफाइड टाइल बसवली, जी स्वतः अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, की खालच्या ओलीला भिंतीच्या पायाची वाट उरते. पण जूनमध्ये फरशीला घाम येतो तो बहुधा हवेचा. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. फरशीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. पाणी प्लास्टिकच्या खाली आले तर जमिनीचे, वर आले तर हवेचे. हवेचे असेल तर फरशी उखडण्याची काही गरज नाही.

दुरुस्ती घराबाहेरून सुरू करावी. अंगणात वर्षानुवर्षे कोबा आणि पेव्हर ब्लॉक चढत जातात आणि जोते बुडते. गावातल्या वाड्यांच्या बाबतीत रस्त्याच्या डांबराचे थर हेच करतात. अंगण खाली आणून पन्हळीचे पाणी भिंतीपासून लांब सोडले, तरच पुढच्या कामाला अर्थ आहे. मग ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत सिमेंट काढावे. चिऱ्याच्या कडा फुटू नयेत म्हणून हे हलक्या हाताने, छिन्नीने करावे. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून घराबाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा आत शिरतो. क्षार फारच असतील तर कागदाचा ओला लगदा भिंतीवर लिंपून वाळू द्यावा, वाळताना तो क्षार ओढून घेतो.

यानंतर थांबावे लागते आणि घरमालकाला तेच जड जाते. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला एक महिना लागतो असा जुना ढोबळ हिशोब आहे. दीड फुटी भिंतीला वर्ष-दीड वर्ष गृहीत धरावे. सांधे चुन्याने भरून दिवाळीनंतर चुन्याचाच गिलावा करावा आणि तो बरेच दिवस ओलसर ठेवावा. वर चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नाही. हा गिलावा काही वर्षांनी क्षारांनी भरून झडेल आणि पुन्हा करावा लागेल. चिऱ्याऐवजी तो झिजावा, याचसाठी तो आहे. भिंतीत भोके पाडून सिलेनसारखी जलरोधक रसायने भरण्याची पद्धत एकसारख्या विटांच्या भिंतीत उपयोगी पडते. मातीत बांधलेल्या आणि मध्ये भर टाकलेल्या जांभ्याच्या भिंतीत ते रसायन सलग थर धरेल याची खात्री नसते. हे काम सुचवणाऱ्याने भिंतीचा एक चिरा काढून आतली भर स्वतः पाहिली आहे का, ते आधी विचारावे.