अ‍ॅड आणि अटॅच: झेडएफएस पूल वाढवताना होणारा तोच तो घोळ

गणपतीला चाकरमानी गावी येतो तेव्हा हल्ली बॅगेत पेढ्यांबरोबर चार टीबीची कोरी डिस्कही असते. घरच्या सर्व्हरवर आरत्यांचे व्हिडिओ, जत्रेतल्या दशावताराचं रेकॉर्डिंग, होमस्टेसाठी उडवलेल्या ड्रोनचं शूटिंग, असं सगळं साठून जागा संपलेली असते. रात्री पाहुणे निजले की गडी डिस्क लावतो, झेडएफएस या साठवण प्रणालीची आज्ञा ‘झेडपूल अ‍ॅड’ मारतो, जागा वाढलेली दिसते आणि तो खूश होऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी कौतुकाने मला स्क्रीनशॉट पाठवतो. मग त्याच्या आनंदावर विरजण घालायचं काम माझ्याकडे येतं.

प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) म्हणजे काय, व्हीएम (आभासी मशीन) कशी उभी करतात, हे तुम्हाला येतं असं धरतो. झेडएफएसमध्ये पूल, म्हणजे साठवणीची एकत्र जागा, व्हीडेव्हचा (डिस्कच्या गटांचा) बनतो आणि व्हीडेव्ह डिस्कची, हेही माहीत असेल. सगळा घोळ या दोन पायऱ्यांमध्येच आहे. अ‍ॅड पूलला नवी व्हीडेव्ह देतं. अटॅच असलेल्या व्हीडेव्हला नवी डिस्क देतं.

समजा चार टीबीच्या तीन डिस्कची रेडझेड१ आहे, म्हणजे एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवून देणाऱ्या जादा माहितीला) जाते. वापरायला आठ टीबी, आणि कुठलीही एक डिस्क मेली तरी डेटा शाबूत. आता चौथी डिस्क अ‍ॅड केलीत. ती रेडझेडमध्ये गेलीच नाही, तिच्या शेजारी एकटी जाऊन बसली. तिला ना पॅरिटी, ना जोडीदार. आणि कुठलीही एक व्हीडेव्ह गेली की अख्खा पूल जातो. म्हणजे ही एकटी डिस्क मेली तर त्या तीन डिस्कवरचा जुना डेटासुद्धा गेला, जरी त्या तिन्ही ठणठणीत असल्या तरी. वर झेडएफएस मोकळ्या व्हीडेव्हकडे जास्त लिहितं, त्यामुळे यंदाच्या गणपतीचे फोटो बहुतेक तिच्यावरच जाऊन पडणार.

यातली खरी फसगत आकड्यांची आहे. अ‍ॅड केल्यावर लगेच साधारण बारा टीबी दिसतात. तीच डिस्क नीट अटॅच केली तर काम बराच वेळ चालतं आणि शेवटी दिसतात जेमतेम साडेदहा. चुकीचा रस्ता पटकन होतो आणि जास्त जागा दाखवतो, मग माणूस का नाही भुलणार? पण साडेदहा हा हिशेबाचा खेळ आहे. अटॅचने असा विस्तार केल्यावर जुने ब्लॉक (डेटाचे तुकडे) जुन्याच प्रमाणात राहतात, दोन भाग डेटाला एक भाग पॅरिटी. नवे ब्लॉक तीनास एक या प्रमाणात लिहिले जातात, मात्र मोकळी जागा सांगताना झेडएफएस जुनंच प्रमाण धरून बसतं. जुना डेटा पुन्हा लिहिला की तोही नव्या प्रमाणात येतो. तोवर आकडा कमी दिसला म्हणून डिस्क खराब आली असं समजून दुकानदाराशी भांडू नका.

बरं, अ‍ॅड करताना झेडएफएस गप्प बसतं असंही नाही. ‘मिसमॅच्ड रेप्लिकेशन लेव्हल’ (संरक्षणाची पातळी जुळत नाही) म्हणून ते अडवतं, आणि ‘-एफ’ लावलंत तर करतो म्हणतं. लोक वाचतात फक्त ‘-एफ’. माझ्या मते हा पर्याय हाताशी असावा, पण टाइप करायला तरी जीव जड झाला पाहिजे.

एकदा अ‍ॅड झालं की मागे फिरणं कठीण. पूलमध्ये वरच्या पातळीवर रेडझेड असेल तर व्हीडेव्ह काढता येत नाही. आधी ‘झेडपूल चेकपॉइंट’ (पूलच्या त्या क्षणाच्या स्थितीची खूण) घेतला असेल तर तिथपर्यंत परत जाता येतं. कुणीच घेतलेला नसतो. मग दोनच वाटा: त्या एकट्या डिस्कला आणखी एक डिस्क अटॅच करून मिरर (दोन्हीवर तीच प्रत) बनवायचा, नाहीतर सगळा डेटा बाहेर काढून पूल नव्याने बांधायचा.

रेडझेडला अटॅच करायची सोय ओपनझेडएफएस २.३ मध्ये, जानेवारी २०२५ ला आली. ट्रूनॅस या स्टोरेज सर्व्हरच्या प्रणालीने ती २४.१० मध्ये थोडी आधीच दिली होती. एका वेळी एकच डिस्क जाते. चेकपॉइंट असेल तर आधी तो टाकून द्यावा लागतो. आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, पण मध्येच मशीन बंद पडलं तरी विस्तार पुढे तिथूनच सुरू होतो. डेटाचं संरक्षणही चालूच असतं. तरी यूपीएस लावाच.

मात्र ‘अटॅच चांगलं, अ‍ॅड वाईट’ असं पाठ करू नका. मिररला तिसरी डिस्क अटॅच केलीत तर जागा एका बाइटनेही वाढत नाही, फक्त तिसरी प्रत मिळते. तिथे जागा हवी तर दोन डिस्कचा नवा मिरर अ‍ॅडच करायचा. घरात चार डिस्कपर्यंत मी मिररच सांगतो. जागा कमी मिळते, मान्य. पण वाढवणं सोपं, आणि सगळे मिररच असतील तर चुकून आलेली व्हीडेव्ह काढताही येते.

ट्रूनॅस व्हीएममध्ये चालवलं की आणखी एक किरकोळ गोंधळ होतो. ट्रूनॅसच्या पडद्यावर ‘एक्स्पांड’ आणि ‘एक्स्टेंड’ अशी दोन बटणं आहेत. होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या मूळ मशीनवर) आभासी डिस्कचा आकार वाढवला असेल तर एक्स्पांड; व्हीडेव्हमध्ये नवी डिस्क घालायची तर एक्स्टेंड. अर्थात, पहिलं बटण लागतंय म्हणजे तुम्ही होस्टच्या झेडएफएसवर आभासी डिस्क ठेवून तिच्यावर पुन्हा झेडएफएस मांडलं असण्याची शक्यता आहे. मला ते अजिबात पटत नाही. अख्खा एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड) व्हीएमला द्या. ते जमत नसेल तर डिस्क ‘बाय-आयडी’ या कायम नावाने द्या आणि सीरियल नंबर कळवा; ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात.

आणि विस्तार सुरू केलेला पूल जुन्या झेडएफएसवर उघडत नाही. व्हीएम बिघडली म्हणून पूल होस्टवरून इम्पोर्ट करायची वेळ आली, तर प्रॉक्समॉक्स ८ मधलं झेडएफएस २.२ नकार देईल. ९ मध्ये २.३ आलं. तेव्हा आधी होस्ट ९ वर न्या, मग अटॅच करा. आणि होस्टवर इम्पोर्ट करताना व्हीएम बंद असल्याची खात्री करा, कारण एकच पूल दोन्हीकडून उघडला तर त्याची वाट लागते.