एलएलबी झालं, पुढे काय? गोव्यात विधी सहायक म्हणून सुरुवात करताना पात्रता, कागदपत्रं आणि अर्जांचा क्रम

मिरामारच्या साळगावकर कॉलेजातून किंवा मडगावच्या कारे कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा निकालानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सनद (वकिलीचा परवाना) आधी काढू की नोकरी आधी शोधू? कागद गोळा करण्यापूर्वी याचं उत्तर स्वतःशी पक्कं करा. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि चालू सनद दोन्ही एकदम ठेवता येत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमावलीतला 49 वा नियम तसं स्पष्ट सांगतो. सनद घेतल्यानंतर नोकरी लागली, तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरी सोडल्यावर अर्ज करून ती पुन्हा चालू करून घेता येते.

गोंधळ होतो तो जाहिरातींमुळे. कंपनीला करार सांभाळणारा पगारी माणूस हवा असतो, तरी जाहिरातीत ‘लीगल असिस्टंट’. वकिलाच्या ऑफिसला ज्युनियर हवा असतो, तरी तेच. न्यायाधीशांच्या हाताखालचा लॉ क्लार्क आणि सरकारी खात्यातला विधी सहायक हे आणखी दोन प्रकार. चौघांची पात्रता वेगळी आणि अर्जही वेगळे. यांत सनद लागते ती कोर्टात उभं राहणाऱ्या ज्युनियरला. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी पदवी पुरते, आणि काही ठिकाणी चालू सनद उलट अडचणीची ठरते.

सनदेशिवाय वकिलाच्या ऑफिसात बसलात तर काय करता येतं, तेही सांगतो. निवाडे शोधणं, कच्चे मसुदे, दस्तांचा शोध ही कामं वकिलाच्या देखरेखीखाली खुशाल करा. वकालतनाम्यावर सही करणं, कोर्टापुढे उभं राहणं, स्वतःच्या नावाने सल्ला देणं हे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की कोर्टाबाहेरचा सल्ला आणि मसुदा हासुद्धा वकिलीचाच भाग आहे, आणि अधिवक्ता कायदा, 1961 च्या कलम 45 मध्ये बेकायदा वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ओळखीच्यांना ‘लीगल नोटीस काढून देतो’ म्हणणाऱ्या उत्साही पदवीधरांनी हे कलम एकदा वाचावं.

सनदेचा अर्ज

गोव्याला स्वतंत्र बार कौन्सिल नाही. आपली कौन्सिल महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून एकच, आणि तिचं कार्यालय मुंबईत फोर्टला. पदवी बेळगावहून घेतली असली तरी हरकत नाही. अधिवक्ता कायद्याच्या कलम 25 प्रमाणे जिथे वकिली करायची तिथल्या कौन्सिलकडे अर्ज करायचा असतो. कॉलेज कुठलं होतं, हा प्रश्न येत नाही.

पात्रता कलम 24 मध्ये आहे: भारताचं नागरिकत्व, वय 21 पूर्ण आणि मान्यताप्राप्त कायद्याची पदवी. वयाला वरची मर्यादा नाही. पूर्वी 45 वर्षांची अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रद्द केली. त्यामुळे खाण खात्यातून किंवा बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षांचं एलएलबी केलेली मंडळीही रांगेत दिसतात, आणि फाईल लावण्यात ती पंचविशीच्या पोरांपेक्षा वाकबगार असतात.

नागरिकत्वाची अट गोव्यात नुसती नावापुरती नाही. पोर्तुगालला जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेतलेल्या घरांतल्या मुलांनी आपला स्वतःचा दर्जा नेमका काय आहे, हे अर्जाआधी तपासून घ्यावं. दुसऱ्या देशाचे नागरिक असल्यास कलम 24 मध्ये फक्त परस्पर व्यवस्थेचा (त्या देशात भारतीयांना वकिली करता येत असेल तर) अपवाद आहे, आणि तो प्रकार वेगळा.

कागद असे लागतात: दहावी, बारावीच्या गुणपत्रिका, तीन वर्षांचं एलएलबी असेल तर आधीच्या पदवीची कागदपत्रं, कायद्याच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, काळा कोट आणि पांढरे बँड घातलेले फोटो, आणि प्रतिज्ञापत्रं. शिक्षणात मध्ये खंड पडला असेल तर त्या काळात काय करत होतात, हे प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. इथे ‘घरीच होतो’ असं असेल तर तसंच लिहा. नोकरी केली असेल तर ती लपवू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेली सनद कलम 26 खाली रद्द होऊ शकते, आणि पीएफची नोंद काही पुसली जात नाही. गुन्ह्यांविषयीही विचारलं जातं. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटकेनंतर दोन वर्षं नोंदणी मिळत नाही.

अर्ज सर्वांत जास्त अडतो तो नावावर. गोव्यातल्या जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज वळणाच्या. जन्मदाखल्यात गांवकर हे आडनाव ‘सी’ने, दहावीच्या गुणपत्रिकेत ‘के’ने, आधारवर मधलं ‘यू’ गायब. वडिलांचं नाव एकीकडे ‘पांडुरंग’, दुसरीकडे ‘पांडू’. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र सहसा चालून जातं. नावच वेगळं असेल तर नागरी निबंधकाकडे दुरुस्ती किंवा गोवा नाव व आडनाव बदल कायदा, 1990 खालचा अर्ज, हाच सरळ रस्ता. हे काम शेवटच्या सेमिस्टरलाच काढा. सनदेवर जे स्पेलिंग पडेल तेच पुढे परीक्षेच्या प्रवेशपत्रावर, वकालतनाम्यावर आणि नोटरी झालात तर शिक्क्यावरही राहणार.

आता फी. कलम 24 प्रमाणे नोंदणी शुल्क राज्य कौन्सिलला 600 रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150 रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी हेच 100 आणि 25. प्रत्यक्षात देशभरच्या कौन्सिल वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये घेत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या निकालात सांगितलं की नोंदणीच्या वेळी कायद्यात लिहिलेल्या शुल्काबाहेर काही घेता येणार नाही. कायद्याने लागत असेल ते मुद्रांक शुल्क तेवढं वेगळं. निकाल पुढच्या काळासाठी असल्याने आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. पावती मागून घ्या, आणि ती कशाकशाची आहे ते वाचा. स्वतःच्या नोंदणीत कायदा लागू करून घेता आला नाही, तर पक्षकाराच्या बाबतीत काय करणार?

दोन वर्षांची मुदत

पहिली नोंदणी तात्पुरती असते. तिच्यावर कोर्टात उभं राहता येतं, पण दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा, म्हणजे एआयबीई, उत्तीर्ण व्हावी लागते. नाही झालात तर उत्तीर्ण होईपर्यंत वकिली थांबते. परीक्षा 2010 च्या ठरावाने आली, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. 100 बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात.

कायद्यांची मूळ पुस्तकं आत नेता येतात, मात्र टीपा आणि भाष्य नसलेली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत, तेव्हा ताईने किंवा दादाने वापरलेला जुना दंड संहितेचा संच घेऊन जाऊ नका. उत्तीर्ण झालात की सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मिळतं आणि नोंदणी पक्की होते.

सिनियरकडे लागताना

इथे छापील अर्ज नसतो. एका पानाचा बायोडेटा, गुणपत्रिकांच्या प्रती, स्वतः लिहिलेला एखादा मसुदा आणि ओळखीच्या कुणाचा तरी फोन, एवढ्यावर काम होतं. म्हापसा, डिचोली, फोंडा, केपे इथल्या कोर्टांत मोठ्या फर्मपेक्षा एकट्या सिनियरची ऑफिसं जास्त, आणि शिकायलाही तीच चांगली, असं माझं मत. फर्ममध्ये वर्षभर एकच कलम घासत बसण्याची शक्यता असते.

मोबदल्याचं पहिल्याच भेटीत विचारा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरी भागात महिना किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. ते सल्लावजा आहे, सक्तीचं नाही. तरी बोलणं सुरू करायला आकडा हाताशी असलेला बरा. लाजून गप्प बसलात तर पेट्रोलचा खर्चही अंगावर पडतो.

गोव्यातल्या ज्युनियरकडे पहिल्या महिन्यात बहुधा जमिनीची फाईल येते. कुणीतरी साखळीजवळची बागायत विकत घेतोय, मालकी हक्क तपासून द्या. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा हक्कनोंदीचा उतारा, काढायचा आणि त्यात नुसतं कब्जेदाराचं नाव बघून थांबायचं नाही. कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना बघायचा. तिथे मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर व्यवहाराचा रंगच बदलतो. पणजी-मडगावसारख्या शहरी भागात उताऱ्याऐवजी नगर भूमापनाचा फॉर्म डी, पी. टी. शीट आणि चलता नंबर बघायचा. मग उपनिबंधकाकडचे दस्त, आणि त्याही मागे गेलात तर पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी, जी वाचायला जाणकार अनुवादक लागतो.

वारसांच्या सह्यांत नवखे हमखास चुकतात. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या पद्धतीप्रमाणे, विवाहपूर्व करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणून विक्रीखतावर चार भावांबरोबर त्यांच्या बायकांच्याही सह्या हव्यात, आणि लग्न होऊन वास्कोला गेलेल्या बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याचीही. वाटणीसाठी इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया) झाली असेल तर तिचा आदेश फाईलला हवाच. हा विषय आता 2012 च्या वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे. मुलाखतीला जाण्याआधी तो एकदा चाळलात तर सिनियरचं अर्धं मन तिथेच जिंकाल. मुंबई-पुण्याहून शिकून आलेल्यांनी तर नक्कीच चाळावा.

लॉ क्लार्क आणि विधी सेवा

मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ 2021 पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत आहे. लॉ क्लार्कच्या जागांच्या जाहिराती उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर येतात. नेमणूक कंत्राटी आणि ठरावीक मुदतीची, त्या काळात वकिली बंद. निवाडे शोधण्याचं सॉफ्टवेअर आणि टायपिंग यावं लागतं. अंतिम वर्ष पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची आणि किमान टक्केवारीची अट जाहिरातीत असू शकते, तेव्हा फॉर्म भरण्याआधी ती ओळ शोधा. एटीकेटीवाल्यांचा पुष्कळ वेळ वाचेल.

फौजदारी कामाची आवड असेल तर आणखी एक दार आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेत सहायक बचाव वकिलाच्या पदासाठी तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेले नवे वकील घेतले जातात. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. काम कंत्राटी, आणि खाजगी केसेस घेता येत नाहीत. पण आरोपीशी बोलण्यापासून जामीन अर्जापर्यंत सगळं स्वतः करायला मिळतं, जे सिनियरकडे मिळायला बरीच वर्षं लागतात.

सरकारी जागा

अ आणि ब गटाच्या जागा गोवा लोकसेवा आयोगाकडून, क गटाच्या गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून भरल्या जातात. इथे पदवीइतकाच महत्त्वाचा 15 वर्षांचा रहिवास दाखला. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. अर्ज गोवा ऑनलाइनवर करता येतो, आणि तलाठ्याच्या अहवालात वेळ जातो. जाहिरात आल्यावर धावाधाव केलीत तर शेवटची तारीख निघून जाते. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि लागू असल्यास जातीचं व नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र हेही आधीच काढून ठेवा.

भरती नियमांत ‘कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट’ अशी ओळ असते. घरात कोकणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी लिहिलेल्या आपल्यासारख्यांना ती सोपी वाटते. बोलण्यापुरती असतेही. देवनागरीत कोकणी लिहायची वेळ आली की हात मराठीकडे वळतो, म्हणून थोडा सराव करा.

न्यायाधीश व्हायचा विचार असेल त्यांच्यासाठी क्रम पुन्हा बदलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात आणि लॉ क्लार्कचा काळही धरतात, पण कंपनीतल्या पगारी लीगल असिस्टंटचा काळ यात बसत नाही. अनुभवाचा दाखला त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून त्या अधिकाऱ्याच्या पृष्ठांकनासह घ्यायचा असतो. तेव्हा तुमचं नाव असलेल्या प्रत्येक वकालतनाम्याची आणि हजेरी नोंदलेल्या रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) प्रत पहिल्या दिवसापासून एका फाईलला लावत जा.